हलकी विमाने, प्रशिक्षण व क्रीडा

नवशिक्या वैमानिकाला उड्डाणाचे पहिले धडे देण्यासाठी दोन आसनांची व एका एंजिनाची लहान विमाने वापरतात. त्यांना प्रशिक्षण विमाने म्हणतात. वजन, वेग व आसनसंख्या यांच्या मर्यादा कायद्याने आखून दिलेल्या लहान विमानांना ‘हलकी क्रीडा विमाने’ ही संज्ञा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) २००४ साली मिळाली. दोहोंचे कार्य पुष्कळसे एकच आहे. त्यांच्या घडणीतील फरक मात्र तंत्रविद्येच्या प्रगतीइतकाच या कायदेशीर मर्यादांमुळेही पडलेला आहे.

जुनी प्रशिक्षण विमाने : ब्रिटनमधील डी हॅव्हिलंड मॉथ या दुपंखी विमानाचे पहिले उड्डाण १९२५ मध्ये झाले व त्याने हौशी उड्डाण क्लबांचा पाया घातला. भारतातील क्लबांनीही प्रारंभी हीच विमाने वापरली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच काळात. अ. सं. सं.मध्ये पायपर जे-३ कब या विमानाने तेच कार्य केले. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेल्या या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ५५३ किग्रॅ. व एंजिन ६५ अश्वशक्तीचे होते. १९४७ पर्यंत अशी १९ हजारांवर विमाने तयार झाली. १९५८ पासून सेस्ना १५० व १९७७ पासून सेस्ना १५२ या विमानांनी त्याची जागा घेतली. ॲल्युमिनियमचा पत्रा व शेपटीखालील चाकाऐवजी नाकाखालचे चाक यांमुळे ती चालविण्यास सोपी झाली. पण १५२ चे कमाल वजन ७५७ किग्रॅ.पर्यंत वाढले.

भारतात वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली अभिकल्पित केलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये आकाशात गेले. त्यानंतर १९५८ मध्ये उड्डाण केलेले पुष्पक हे ९० अश्वशक्तीचे विमान अनेक क्लबांत वापरले गेले.

हलकी क्रीडा विमाने : १ सप्टेंबर २००४ पासून अंमलात आलेल्या अमेरिकन नियमांनुसार अशा विमानाचे कमाल वजन ६०० किग्रॅ. (पाण्यावर उतरणाऱ्याचे ६५० किग्रॅ.), सपाट उड्डाणातील कमाल वेग ताशी २२२ किमी. आणि पंखांची उचल ढासळण्याचा वेग जास्तीत जास्त ताशी ८३ किमी. असा ठरविण्यात आला. आसने दोनच व चाके स्थिर असावी लागत. क्रीडा परवान्यासाठी किमान २० तासांचे उड्डाण पुरेसे धरले गेले. खाजगी वैमानिकाच्या परवान्यास ४० तास लागत. शिक्षणाचा खर्च कमी होऊन उड्डाण सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे, हा यामागील एक हेतू होता. वजनाच्या या मर्यादेत १९३८ च्या सुमाराचे कब बसते, तर त्याच्या चाळीस वर्षांनंतरचे सेस्ना १५२ बसत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तुलना : सेस्ना १५० मधील काँटिनेंटल एंजिन ३.३ लिटर धारणेचे असून मिनिटाला २,७५० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती देते व मळसूत्री पंखा सरळ फिरविते. नव्या विमानांत प्रचलित असलेले ऑस्ट्रियन रोटॅक्स ९१२ जातीचे एंजिन १.३५ लिटर धारणेत ५,८०० फेऱ्यांना तितकीच शक्ती देते. दंतचक्रांनी हे फेरे कमी करून पंख्याला दिले जातात. ते मोटारीच्या शिसेरहित पेट्रोलवर चालते व इंधन कमी खाते.

हलकेपणाची किंमतही द्यावी लागते. पंखाच्या प्रत्येक चौ. मी. क्षेत्रावर कबमध्ये सु. ३३ किग्रॅ., सेस्ना १५२ मध्ये सु. ५१ किग्रॅ. व सेस्ना १६२ या क्रीडा विमानात सु. ५४ किग्रॅ. भार पडतो. म्हणजे नवे विमान वजनाला हलके असले, तरी पंख आखूड असल्याने ते कबसारखे संथ उतरत नाही. शिवाय निरूढी कमी असल्याने एंजिनाची शक्ती कमी करताच त्याचा वेग झपाट्याने घटतो. अवतरणाच्या अखेरच्या क्षणी विद्यार्थ्याला सावधपणा ठेवावा लागतो, तो यामुळेच.

सेस्ना १६२ चा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २००८ व २००९ मध्ये गिरकीच्या चाचण्यांत त्याची दोन विमाने गमवावी लागली व त्यानंतर शेपटीची रचना बदलण्यात आली. रिकाम्या विमानाचे वजन सु. ३७८ किग्रॅ. असल्याने टाकी भरल्यावर शिक्षक व विद्यार्थी या दोघांसाठी मिळून सु. १५७ किग्रॅ. एवढाच भार उरे. प्रारंभी सु. १,०९,५०० डॉलर असलेली किंमत पुढे दीड लाखाजवळ गेली. दोनशेहून कमी विमाने विकली गेल्यावर उत्पादन थांबले आणि २०१६ मध्ये उरलेली विमाने मोडीत काढण्यात आली. स्वस्त शिक्षणाचा हेतू येथे साधला नाही. अनेक प्रशिक्षण संस्था जुन्या सेस्ना विमानांचीच डागडुजी करून ती वापरत राहिल्या.

भारताने निराळा मार्ग धरला. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे हंस-३ हे विमान संमिश्र द्रव्यांचे व रोटॅक्स एंजिनाचे असले, तरी ७५० किग्रॅ. मर्यादेच्या ‘अतिशय हलक्या विमानां’च्या यूरोपीय निकषांवर २००० साली प्रमाणित झाले. त्याच्या सुधारित आवृत्तीचे पहिले उड्डाण २०२१ मध्ये झाले.

२०२५ साली अ. सं. सं.मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी क्रीडा परवानाधारकांसाठी वजनाची अट काढून उचल ढासळण्याच्या वेगावर भर दिला. त्यामुळे २२ ऑक्टोबर २०२५ पासून सेस्ना १५० व १५२ ही विमानेही त्यांना चालविता येऊ लागली. विमान किती हलके आहे यापेक्षा ते किती कमी वेगात ताब्यात राहते, हाच नवशिक्याच्या सुरक्षिततेचा अधिक विश्वसनीय निकष होय, हे यातून मान्य झाले.