घाणेरी कुंपण ओलांडते तेव्हा: हिवऱ्याची बाग आणि झुडपांची निवड

१/ मधमाश्या आणि फुलपाखरे यावीत म्हणून बाग लावणाऱ्याला पहिला मोह होतो तो घाणेरीचा. ती वर्षातील बराच काळ फुलते, फारसे पाणी मागत नाही, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि फुलपाखरे तर तिच्यावर हमखास दिसतात. तरीही ती लावू नये. याचे कारण एकोणिसाव्या शतकातील सरकारी बागांच्या इतिहासात आहे. त्यांपैकी एक बाग जुन्नर तालुक्यात होती.

२/ नारायणगावाजवळच्या हिवरे गावी कंपनी सरकारची वनस्पती-बाग होती. पुण्यालगत दापोडी येथे १८२८ साली सुरू झालेल्या बागेशी ती जोडलेली होती. १८३८ मध्ये दापोडीची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाकडे आली आणि हिवऱ्याची बागही त्यांच्याच देखरेखीखाली वाढली. औषधी वनस्पतींची लागवड करणे आणि परदेशी पिके दख्खनच्या मातीत रुजतात का हे पाहणे, ही तेथील मुख्य कामे.

३/ त्या काळच्या सरकारी बागा परस्परांना बिया आणि रोपे पाठवीत. वनस्पती निवडण्याची त्यांची कसोटी सरळ होती: येथे रुजते का? उपयोगाची किंवा शोभेची आहे का? कुंपणापलीकडे गेल्यावर ती काय करील, हा प्रश्न त्या कसोटीत नव्हता.

४/ घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. १८०९ च्या सुमारास ती शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. पुढे कुंपणासाठीही लावली गेली. तिची काळी फळे बुलबुल आणि साळुंख्या खातात व बी दूरवर टाकतात. तिच्या दाट जाळीखाली देशी रोपे तग धरत नाहीत. तिची पाने गुरांना विषारी आहेत. गायरानात ती शिरली की गुराख्याचा चारा जातो. दोष एखाद्या बागेचा नाही, निवडीच्या कसोटीचा आहे.

५/ विशेष म्हणजे हा भेद गिब्सन यांच्याच पुस्तकात नोंदलेला आहे. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८६१ मध्ये डॅलझेल यांच्यासह त्यांनी ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. त्यात देशी वनस्पती मुख्य भागात आहेत. बाहेरून आणलेल्या आणि येथे रुळलेल्या वनस्पतींसाठी निराळी पुरवणी आहे. ग्रंथात आखलेली ही रेषा बागांनी मात्र पाळली नाही.

६/ परंतु परकी ते सारे आक्रमक, हा निष्कर्षही चुकीचा ठरेल. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो आणि आंबेगावातील सातगाव पठारावरचा बटाटा हे दोन्ही अमेरिकेचेच. शेतकऱ्याच्या हाताशिवाय ते डोंगर व्यापत नाहीत. तेव्हा प्रश्न जन्मभूमीचा नसून पसरण्याच्या क्षमतेचा आहे.

७/ म्हणून परके झुडूप निवडताना तीन प्रश्न विचारावेत. त्याचे बी पक्षी किंवा वारा दूर नेतो का? माणसाने न लावता ते रस्त्याकडेला, माळावर उगवलेले दिसते का? गुरे त्याला टाळतात का? घाणेरी तिन्हींत सापडते. रोपवाटिकांत सर्रास मिळणारी पिवळी टेकोमाही पहिल्याच प्रश्नाशी अडखळते; तिचे पंखयुक्त बी वाऱ्यावर जाते.

८/ सह्याद्रीची स्वतःची झुडपे कमी नाहीत. हिवाळ्यात अडुळसा फुलतो. त्याच्या फुलांवर भुंगे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये धायटीच्या लाल फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर येतात. त्याच सुमारास करवंदीची पांढरी, सुवासिक फुले उमलतात. पावसाळ्यात मुरुडशेंग फुलते आणि निर्गुडीचा निळसर बहर कित्येक महिने टिकतो.

९/ एकाच झुडपावर विसंबू नये, हे भीमाशंकरची कारवी शिकवते. साधारण सात वर्षांनी ती एकदा फुलते. त्या वर्षी मधमाश्यांची चंगळ होते. मधल्या वर्षांत त्यांना दुसरीकडे जावे लागते. बागेतही बहरांची साखळी तुटता कामा नये. रोपे मात्र अभयारण्यातून उपटून आणू नयेत. बियांपासून किंवा रोपवाटिकेतून घ्यावीत.

१०/ हा केवळ हौसेचा विषय नाही. दुधी, कारले, भोपळा यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. कीटक आला नाही तर फळ धरत नाही. बांधावरच्या धायटीवर पोसलेली सातेरी मधमाशी पुढे त्याच शेतातील वेलीवर येते. बांधावर घाणेरीही फुलपाखरे आणते, पण तिचे बी पुढच्या पिढीच्या गायरानात जाऊन पडते. हिवऱ्याच्या काळी न विचारलेला प्रश्न आज रोप विकत घेतानाच विचारता येतो.