मुक्कामी गाडी येत नाही तेव्हा

सोमवार, १३ डिसेंबर २०२१. पहाटेचे साडेपाच. पाटण तालुक्यात डोंगराच्या पोटात वसलेल्या एका वाडीत तुम्हाला जाग येते आणि अंथरुणातूनच तुम्ही कानोसा घेता. एरवी या वेळेला देवळापुढची मुक्कामी एसटी घरघरायला लागते आणि त्या आवाजावर अर्ध्या वाडीच्या चुली पेटतात. आज देवळापुढे कुत्री झोपली आहेत. दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला एसटीचा संप दीड महिना होत आला तरी मिटलेला नाही. महामंडळ शासनात विलीन करा, ही मुख्य मागणी. बातम्यांत रोज आझाद मैदान दिसतं, निलंबनाचे आकडे दिसतात. कामगारांचं म्हणणं तुम्हाला पटतं. त्यांचा पगार किती आणि तो कधी होतो हे मुक्कामी कंडक्टरनं तुमच्याच ओट्यावर बसून सांगितलेलं आहे. पण आता सहा वाजत आलेत आणि पोरांना शाळेत पोचवायचं आहे.

मुलगी नववीत, मुलगा सहावीत. वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे ती चौथीपर्यंत. हायस्कूल खाली बाजारगावात, आठ किलोमीटरवर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातले किलोमीटर कुणी मोजले आणि कुठं उभं राहून मोजले, हे विचारू नका. नववीबद्दल तर तो कायदा बोलतच नाही.

करोनानं दीड वर्ष खाल्लं. गावाकडचे पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरला उघडले, पोरं जेमतेम तीन आठवडे बाकावर टेकली, आणि गाडी थांबली.

तुम्ही स्प्लेंडर काढता. टाकीवर मुलगा, मागं मुलगी, तिच्या मागं शेजारच्या घरातली सातवीतली पोर. तिघांची दप्तरं एकट्या मुलाच्या मांडीवर, त्यामुळे हॅंडल वळवलं की डब्याचा कोपरा तुमच्या पोटात रुततो. उताराला तुम्ही इंजिन बंद करून गाडी सोडून देता. पेट्रोल ११० रुपयांच्या आसपास आहे. हे धोक्याचं आहे हे तुम्हाला कळतं, मुलीलाही कळतं. ती वळणावर न सांगता तुमचा सदरा घट्ट धरते.

पुलाजवळ कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. वाटेतल्या वस्तीवरची चार पोरं मागच्या ट्रॉलीला लोंबकळत शाळेला चाललीत, एका हातानं दोर धरलेला, दुसऱ्या हातानं ऊस उपसणं चालू. तुमचा मुलगा हेव्यानं बघतो. तुम्ही त्याचं डोकं पुढं वळवता.

हे रोज जमत नाही. पोचवून आल्यावर कामाला उशीर, आणि संध्याकाळी पाचला परत आणायला जायचं म्हणजे हातातलं काम चारलाच टाकायचं. मग वाडी आपल्या जुन्या रिवाजावर येते. भांगलणीला, कापणीला जसा पैरा करतात, आज तुमच्या रानात आम्ही अन् उद्या आमच्या रानात तुम्ही, तसा पोरांचा पैरा लागतो. मोटारसायकली पाच, वार सहा. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे शनिवार कुणालाच नको असतो. त्यावरून पारावर जी भांडणं होतात ती भावकीतल्या बांधाच्या भांडणाला लाजवतील.

पैरा चुकला की उरतं वडाप. म्हणजे जीप. तिला वेळापत्रक नाही, ती भरली की सुटते.

"मामा, सुटा की आता, प्रार्थना व्हईल," तुमची मुलगी म्हणते.

"अजून दोन शिटा होऊंदे, बाय. मोकळी नेऊन मला काय परवडतंय?"

ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर बसतो, कारण त्याच्या सीटवर आणखी एक जण आहे. मागं टपाला धरून उभं राहायची जागा पोरांची. मुली आत, दुधाच्या किटल्यांच्या आणि बायकांच्या मध्ये. एका वेळचे वीस रुपये.

या वीस रुपयांपाशी जरा थांबा, कारण घरातलं सगळं इथंच बदलतं. एसटीत विद्यार्थ्याच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत. म्हणजे मुलाचे पैसे आधीही पडत होते, फक्त थोडे. मुलीला मात्र अहिल्याबाई होळकर योजनेतला पास होता आणि तो फुकट. फुकट असल्यामुळे तिचं शाळेत जाणं घरात कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. तिला पाठवायचं की नाही हा प्रश्नच कधी निघाला नाही, कारण पाठवायला काही लागत नव्हतं. वडापवाला पास बघत नाही. आता तिचे जाऊन-येऊन चाळीस होतात, आणि पहिल्यांदाच कुणीतरी जेवताना म्हणतं, "आठवड्यातनं तीन दिवस गेली तर न्हाई का चालणार?" म्हणणारी आजी आहे, वाईट मनाची बाई नाही. तुम्ही उत्तर देत नाही. मुलगी ताटाकडं बघत भाकरी मोडते.

आता मागं जा. चांगलं चौऱ्याण्णव वर्षं मागं, १९२७ मध्ये. हीच वाडी, हाच डोंगर, पण खाली हायस्कूल नाही. तुम्ही मुलाला घेऊन निघालाय ते थेट साताऱ्याला. कराडपर्यंत ओळखीची बैलगाडी, पुढं चालत. सर्व्हिस मोटारी रस्त्यानं धुरळा उडवत जातात, त्यांचं भाडं तुमच्या आवाक्यात नाही. पोराच्या डोक्यावर वळकटी, तुमच्या खांद्यावर नाचणीचं गाठोडं. साताऱ्यात धनिणीच्या बागेत भाऊराव पाटलांचं बोर्डिंग आहे. १९१९ साली काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये हे वसतिगृह सुरू केलं. या फेब्रुवारीत गांधीजी येऊन त्याला राजर्षी शाहूंचं नाव देऊन गेले. समोर येतो तो दाढीवाला, अनवाणी, जाड्याभरड्या कपड्यांतला धिप्पाड माणूस. तुम्ही जातीचा विचार करत उंबऱ्याशी घुटमळता, तेवढ्यात आतल्या पंगतीत मराठा, महार, मुसलमान, जैन पोरं एकाच ओळीत बसलेली दिसतात. स्वयंपाकावर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची नजर. पुढं या पोरांच्या जेवणासाठी त्या माउलीचे दागिने विकले जातील, मंगळसूत्रसुद्धा.

रोजची ये-जा होणं शक्य नाही ना, मग पोराचं अंथरूणच शाळेजवळ आणायचं: भाऊरावांचा तोडगा इतका सरळ होता. हजारो शेतकऱ्यांची पोरं त्यातून शिकली. पण एक गोष्ट बघून ठेवा. तुम्ही चालत आणलंत ते मुलाला. त्याची थोरली बहीण घरी आहे, आणि तिला इतक्या लांब ठेवायचं हे तुमच्या घरात कुणी बोलूनही दाखवलेलं नाही.

मुलींचं शिकणं शक्य झालं ते गाडीनं. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत यायला तिला पुढं कित्येक वर्षं लागली. ती आली आणि मुक्कामाला राहायला लागली, तेव्हा संध्याकाळी घरी परतता येईल अशी शाळा मुलींना मिळाली. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, कुणीतरी भाकरी-कोरड्यास नेऊन द्यायचं, आणि सकाळी कंडक्टर उशीर झालेल्या पोरीच्या नावानं घंटी मारत थांबायचा. आईबाप पोरीला कुणाच्या भरवशावर पाठवत होते, तर त्या ओळखीच्या खाकी सदऱ्याच्या.

पुन्हा संपाच्या दिवसांत या. २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळाच बंद होतात आणि तुम्हाला सुटल्यासारखं वाटतं, याची मग लाजही वाटते. महिनाअखेरीस पुन्हा पैरा. १५ मार्चला दहावीची परीक्षा सुरू होते. यंदा ज्याच्या त्याच्या शाळेतच केंद्र दिलंय, नाहीतर वाडीतल्या पोरांचं अवघड होतं. कामगारांनी २२ एप्रिलपर्यंत कामावर यावं असं उच्च न्यायालय सांगतं तेव्हा दहावीचा शेवटचा पेपर होऊन गेलेला असतो.

गाडी सुरू होते, पण मुक्कामी नाही. सकाळी साडेनऊला येते आणि लगेच फिरते, आणि उन्हाळ्यामुळे शाळा आता सकाळची. मग अर्ज. तुम्ही सांगता, मुलगी लिहिते. तिचं अक्षर चांगलं आहे. प्रति, आगार व्यवस्थापक. विषय: मुक्कामी बस पूर्ववत सुरू करणेबाबत. वाडीतल्या घरांचा आकडा, मुलांचा आकडा.

"पास असलेल्या मुली किती लिहू?" ती विचारते. "दिवाळीआधीच्या का आत्ताच्या?"

"दिवाळीआधीच्या लिही."