घावन कोणी घालायचं?

गेल्या रविवारची गोष्ट. मुलीनं उठल्या उठल्या फर्मान काढलं, "बाबा, आज पॅनकेक!" मैत्रिणीकडे खाल्ला होता म्हणे, वरून मेपल सिरप वगैरे. मी आपला आज्ञाधारकपणे मोबाईलवर रेसिपी शोधायला बसलो. मैदा, अंडं, दूध, बेकिंग पावडर... तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "काय ते? घावनच की."

"अगं आई, घावन वेगळं," असं म्हणून मी तोंड उघडलं खरं, पण पुढे काही सुचेना. वेगळं म्हणजे नेमकं काय? पातळ पीठ तापल्या तव्यावर ओतायचं आणि गरम गरम खायचं, एवढीच तर गोष्ट. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात कुट्टूच्या पिठाचं गॅलेट, रशियात ब्लिनी, इथिओपियात टेफ नावाच्या धान्याचं इंजेरा. आपल्याकडे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात वाटलेल्या डाळींचा 'धोसक' आहे. म्हणजे हजारेक वर्षांचा पुरावा आपल्याही खिशात आहे!

पण मग दुसराच किडा डोक्यात शिरला. डोसा मुंबईच्या नाक्यानाक्यावर पोचला. घावन का नाही पोचलं? लालबाग-परळमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कोकणी माणूस राहिला. गिऱ्हाईक दारातच होतं की. आता मालवणी हॉटेलांत कोंबडीच्या रश्श्याबरोबर घावन मिळतं, आंबोळी मिळते, पण ही अलीकडची गोष्ट. त्याआधीची शंभर-सव्वाशे वर्षं घावन घरातून बाहेरच का पडलं नाही?

आधी आमच्यातल्या इंजिनियरचं उत्तर ऐका. डोशाच्या पिठात उडीद असतो. ते आंबतं, फुगतं, त्यात तांदूळ तरंगत राहतो. सकाळी पातेलं भरून ठेवलं की दुपारपर्यंत काढत बसा. मोठ्या तव्यावर पळीनं चार-सहा डोसे एका वेळी पसरता येतात. घावनाचं तसं नाही. तांदळाचं पीठ, पाणी आणि मीठ, संपलं. पाणी इतकं, की मिश्रण ताकासारखं व्हायला हवं. दोन मिनिटं हात थांबला की पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळायचं. पळीनं पसरायला गेलात तर फाटतं, म्हणून कडेपासून आत असं गोल ओतत यायचं. तवा चांगला तापलेला हवा. तापलेल्या बिडाला पीठ लागलं की पाण्याची वाफ होते, ती पिठातून वाट काढते आणि भोकं पडतात. हीच ती जाळी. तवा थंड असला तर जाळी नाही, नुसती खळ.

आणि झाल्यावर ठेवून द्यायचीही सोय नाही. एकावर एक रचली की चिकटतात, गार झाली की वातड होतात. आमची आजी ओरडायची, "गरम असतानाच खावा रे, गार झाला काय चामडा!" म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टीम पूर्ण सिंगल थ्रेडेड, आणि स्टॉक शून्य. हिशोब करून बघा. घरात सहा माणसं, प्रत्येकी तीन घावनं, एकाला साधारण तीन मिनिटं. झाली ५४ मिनिटं. तेवढा वेळ कोणीतरी एक माणूस तव्यापाशी उभं पाहिजे, आणि बाकीच्यांनी एकेक करून खायला पाहिजे.

'कोणीतरी एक माणूस'... इथेच खरा इतिहास सुरू होतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टाच गिरणगाव झाला. त्या गिरण्यांत माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, तो वेगळा झाला १९८१ साली) आणि घाटावरून. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर माणसांतली ८४ मुंबईबाहेर जन्मलेली होती. आणि त्याच वर्षीचा दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास.

म्हणजे बघा, पुरुष मुंबईत, बायको-मुलं, भातशेती आणि तवा गावी. शेतावर कोणीतरी राहायला हवंच होतं आणि मुंबईच्या पगारात बिऱ्हाड परवडत नव्हतं. पुरुष राहायचे गावाच्या गाळ्यात. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली. एक पाळीवरून आला की त्याच जागेवर दुसरा पथारी टाकणार. आमचे आजोबा देवगड तालुक्यातून आले ते असेच लालबागच्या एका गाळ्यात. भिंतीवरच्या खुंटीवर ट्रंकेची किल्ली, एवढीच त्यांची मालमत्ता. जेवण खानावळीत.

या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायकाच. स्वतःच्याच खोलीत दहा-वीस गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालायचं, पैसे महिन्याच्या पगाराला. भात, भाकरी, आमटी, परवडलं तर मासे. सगळं असं, की एकदा करून ठेवलं की पाळीप्रमाणे वाढता येईल. आजोबा खानावळीच्या कुळथाच्या पिठीबद्दल, बांगड्याबद्दल भरभरून बोलायचे. घावनाचं नाव मात्र त्यात कधी आलं नाही. येणार कसं? वीस माणसांना तीन-तीन घावनं म्हणजे तीन तास! खानावळवालीला ते परवडलंच नसतं.

गंमत म्हणजे जवळच माटुंग्याला वेगळंच घडत होतं. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेले पुरुष स्वयंपाकाचाच धंदा करत होते. ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. बाहेरून आलेले दोघेही. पण कोकणी पुरुष मागावर उभा राहिला आणि उडुपीचा पुरुष चुलीपाशी. डोसा हॉटेलात गेला आणि घावन घरी राहिलं, याचं निम्मं उत्तर पिठात आहे आणि निम्मं या फरकात, असं मला वाटतं.

त्यामुळे मुंबईत घावन म्हणजे 'घर झालं' याची खूण होती. आजी गावाहून आली ती बिडाचा तवा घेऊन. बोटीनं, भाऊच्या धक्क्यावर. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी, पण तव्यावर घावन पडलं म्हणजे बिऱ्हाड थाटलं. कोकणातल्या अनेक घरांत गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. घाटलं म्हणजे तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध शिजवून केलेलं. ती गौर लालबागच्या खोलीत बसली, ती आजी आल्यावरच.

आणि पॅनकेक? तोही गिरगावात होताच की! खोताच्या वाडीत, दादरला पोर्तुगीज चर्चच्या आसपास, ईस्ट इंडियन आणि गोवन घरांत चाळीस दिवसांच्या उपासाआधीच्या मंगळवारी ओलं खोबरं भरलेले पॅनकेक होतात. गोव्यात खोबरं आणि गूळ भरलेल्या अशाच गुंडाळीला 'आलेबेले' म्हणतात. युरोपातली चाल अशी, की उपास सुरू व्हायच्या आत घरातली अंडी-दूध-लोणी संपवायची. तिकडचा पदार्थ इकडे आला आणि त्याच्या पोटात आपला नारळ गेला. तोही सणाचा आणि घरचाच. एका गल्लीत गौरीचं घावन, दुसरीत मंगळवारचा पॅनकेक. माझ्या मुलीनं मागितलेली गोष्ट तिच्या पणजीच्या शेजारातच होती तर!

असो. पुढे दुसरं महायुद्ध आलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. भात खाणाऱ्या माणसाच्या हातात गहू, ज्वारी, मिळेल ते आलं. आजी सांगायची, तेव्हा तव्यावर घावन कमी आणि कणकेची गुळ घातलेली धिरडी जास्त. साठच्या दशकात अमेरिकन गहू आला तेव्हा पुन्हा तेच. आपण 'गोड धिरडं' म्हणून हौसेनं खातो, आमच्या घरी ते टंचाईतून आलं.

तवा आणि चूलही बदलत गेली. स्टोव्हला पंप मारायचा, पिन करायची, रॉकेलसाठी रांग लावायची. पन्नासच्या दशकात मुंबईत बर्शेनचा गॅस आला, चाळीत पोचायला मात्र बरीच वर्षं लागली. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याची मापं घराघरांत पोचली. (आमच्या आईचं माप मात्र आजही 'ताकासारखं' हेच.) औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या भोगल्यांनी १९६८ साली 'निर्लेप' काढलं. आमच्याकडे तो काळा तवा आला आणि घावन चिकटायची भीती गेली. चूल बदलली, इंधन बदललं, तवा बदलला. तव्यापाशी उभं असलेलं माणूस तेवढं बदललं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. बाबांची गिरणीही गेली. मग घर चाललं ते आईच्या डब्यांवर. गिरणगावच्या बायकांना हे नवं नव्हतं. खानावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. आमची आई त्यात नव्हती, तिनं आपलं आपलं चालवलं. पहाटे चारला उठून वीस डबे. पोळ्या, उसळ, भात. डब्यात घावन कधीच नाही, कारण डबा उघडेपर्यंत त्याचं चामडं!

म्हणून घावन व्हायचं ते फक्त रविवारी. डब्याला सुट्टी असायची त्या दिवशी. आठवडाभर पैशासाठी रांधणारी बाई सुट्टीच्या दिवशी पुन्हा तासभर तव्यापाशी उभी. आम्ही तिघं भावंडं ताटल्या घेऊन बसायचो आणि मोजायचो, "माझं चौथं, तुझं तिसरं." आईचं कितवं, हे कोणी मोजलं नाही. ती शेवटी खायची. भांड्याच्या तळाशी उरलेल्या घट्ट पिठाचं, जाळी न पडलेलं, जाडसर एक.

लहानपणी मला वाटायचं, आईला तसंच आवडतं. परवापर्यंत वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तर गेल्या रविवारी मी रेसिपी बंद केली. आईला म्हटलं, तू बस. तिला ते काही पटेना. "तुला जमायचं नाही, पीठ ढवळायचं विसरशील," वगैरे. पण आता गुडघे दुखतात, बसली शेवटी. एक वाटी तांदळाचं पीठ, दोन वाट्या पाणी, मीठ. पहिलं मोडलं, दुसरं चिकटलं (तवा तापला नव्हता, कारण घाई). तिसऱ्याला कांद्याच्या बुडानं तेल फिरवलं, कडेकडेनं ओतलं, झाकण ठेवलं. दीड-दोन मिनिटांनी झाकण काढलं तर पूर्ण जाळी. चौघडी घालून ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर आईच्या ताटलीत टाकलं. मुलगी म्हणाली, "पहिलं आजीला का?" म्हटलं, "रांग आहे. आज आजीचा नंबर पहिला."

लेक मेपल सिरप विसरली आणि गूळ-खोबरं घालून पाच घावनं खाऊन उठली. मी पाऊण तास उभा होतो. पाठीचे बारा वाजले. माझं शेवटचं घावन अगदी अपेक्षेप्रमाणे निघालं. घट्ट, जाड, बिनजाळीचं. नाही आवडलं. कोणाला आवडेल?

आणि आई? तिनं पहिला घास घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय. पण जाळी आलीय."

येत्या रविवारी मीठ नीट घालणार आहे.