लेन येण्यापूर्वीची आणि आल्यानंतरची चारशे मीटर शर्यत

चारशे मीटरच्या शर्यतीत आज प्रत्येक धावपटू आपापल्या लेनमध्ये, म्हणजे दोन पांढऱ्या रेषांमधल्या १.२२ मीटर रुंदीच्या पट्ट्यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावतो आणि ती रेषा ओलांडून आतल्या बाजूला गेल्यास बाद ठरू शकतो. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की ती शर्यतीबरोबरच जन्माला आली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात ऑलिंपिकच्या पहिल्या काही स्पर्धांत एका फेरीची ही शर्यत लेनविनाच धावली जात असे आणि आतली जागा पटकावणे, समोरच्याला वळसा घालणे, गर्दीतून वाट काढणे हा त्या कौशल्याचाच भाग होता. हा प्रकार बदलण्यास सर्वाधिक कारणीभूत ठरली ती १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील पुरुषांची चारशे मीटरची अंतिम शर्यत.

त्या काळी ट्रॅकची लांबीही ठरलेली नव्हती. १८९६ मध्ये अथेन्सच्या प्राचीन स्टेडियममध्ये वळणे इतकी आकसलेली होती की धावपटूंना तेथे वेग कमी करावा लागे, आणि अमेरिकेच्या थॉमस बर्कने ५४.२ सेकंदांत ती शर्यत जिंकली. १९०० मध्ये पॅरिसला अंतिम शर्यत रविवारी ठेवल्याने धार्मिक कारणास्तव तीन धावपटूंनी धावण्यास नकार दिला, तर १९०४ मध्ये सेंट लुइसला प्राथमिक फेऱ्या न घेता तेरा जणांना एकदमच सोडण्यात आले. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात उभारलेल्या व्हाइट सिटी स्टेडियममधील राखेचा ट्रॅक तर एक तृतीयांश मैलाचा, म्हणजे सुमारे ५३६ मीटरचा होता. त्यामुळे ज्या शर्यतीला आज एका फेरीची शर्यत म्हणतात, ती तेथे पूर्ण फेरीचीही नव्हती.

२३ जुलै १९०८ रोजी अंतिम शर्यतीच्या आरंभरेषेवर चौघे उभे होते. ब्रिटनतर्फे विंडहॅम हॉल्सवेल हा एकटाच होता. बोअर युद्धात भाग घेतलेला हा लष्करी अधिकारी १९०६ मध्ये अथेन्सला याच अंतरात दुसरा आला होता आणि आदल्या फेरीत त्याने ४८.४ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला होता. उरलेले तिघे अमेरिकन होते: जॉन कार्पेंटर, विल्यम रॉबिन्स आणि जॉन टेलर. रॉबिन्सने सुरुवातीला आघाडी घेतली. शेवटच्या वळणावरून सरळ पट्ट्यात येताना कार्पेंटर पुढे आला आणि हॉल्सवेल बाहेरच्या बाजूने त्याला ओलांडू लागला, तेव्हा कार्पेंटर तिरका होत बाहेरबाहेर सरकत गेला. हॉल्सवेलला तो इतक्या कडेला रेटत गेला की ट्रॅकच्या बाहेरील कडेपासून दीड फुटाचेच अंतर उरले, असे वळणावर उभ्या असलेल्या पंचांनी पुढे चौकशीत सांगितले. पंचांनी नियमभंगाचा पुकारा केला, अंतिम रेषेवरील फीत धावपटू पोहोचण्याआधीच तोडण्यात आली, टेलरने शर्यत पूर्ण केली नाही, आणि कार्पेंटर सर्वांत पुढे असूनही ती शर्यत रद्द ठरवण्यात आली.

या घटनेकडे केवळ एका धावपटूची लबाडी म्हणून पाहणे अपुरे ठरते. अमेरिकेतील प्रचलित नियमांनुसार पुढे असलेल्या धावपटूने रुंद वळण घेऊन मागच्याला लांबचा रस्ता धरायला लावणे हे डावपेचांत मोडत असे; ब्रिटिश हौशी संघटनेच्या नियमांनुसार मात्र तसे अडवणे हा स्पष्ट अपराध होता. स्पर्धा लंडनला असल्याने ब्रिटिश नियम लागू होते, आणि पंचही सगळे ब्रिटिश होते. नियमाच्या कसोटीवर पंचांचा निर्णय बरोबर होता, असेच म्हणावे लागते. पण एका पक्षाचा खेळाडू मैदानात असताना न्याय करणारेही त्याच पक्षाचे असणे ही व्यवस्था मुळातच सदोष होती, आणि ती बदलल्याशिवाय कोणताही योग्य निर्णय योग्य वाटणे शक्य नव्हते.

त्याच सायंकाळी साक्षी घेऊन कार्पेंटरला बाद करण्यात आले आणि दोन दिवसांनी, दोऱ्या ताणून आखलेल्या लेनमध्ये, शर्यत पुन्हा घेण्याचे ठरले. रॉबिन्स आणि टेलर आले नाहीत. २५ जुलै रोजी हॉल्सवेल एकटाच धावला आणि ५० सेकंदांत रेषा ओलांडून सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. रौप्य व कांस्य कोणालाच दिले गेले नाही. ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांमध्ये प्रतिस्पर्ध्याविना जिंकलेली ही एकमेव अंतिम शर्यत होय. म्हणजे चारशे मीटरच्या लेनची ऑलिंपिकमधील पहिली ठळक आखणी अशा धावपटूसाठी झाली, ज्याच्या शेजारच्या सर्व लेन रिकाम्या होत्या. तिघा अमेरिकनांपैकी टेलरचे नाव वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवायला हवे: त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या रिले संघातून धावून तो ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा पहिला आफ्रिकी-अमेरिकन ठरला, आणि वर्ष सरण्यापूर्वीच, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, विषमज्वराने मरण पावला. हॉल्सवेल १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील न्यव्ह शापेलजवळ मारला गेला.

लंडनमधील वादांनी सर्व देशांना मान्य होतील असे सामाईक नियम आणि ते सांभाळणारी संघटना यांची निकड पटवून दिली, आणि १९१२ मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय हौशी अॅथलेटिक महासंघाची स्थापना झाली. त्याच वर्षी तेथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या उपांत्य फेरीत पुन्हा धक्काबुक्की झाल्यावर अंतिम शर्यत लेनमध्ये घेण्यात आली. ती चार्ल्स रीडपॅथने ४८.२ सेकंदांत जिंकली.

नियमांच्या या घडणीचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने भरवलेल्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठवण्याचा ध्यास घेतला. आंतरराष्ट्रीय नियमांशी त्या तरुणांची तोंडओळखही नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या छोट्या पथकातील पूर्मा बॅनर्जी शंभर मीटरबरोबरच चारशे मीटरमध्येही धावले. ते पहिल्याच फेरीत बाहेर पडले. तरीही या अंतराच्या भारतीय इतिहासात त्यांच्या त्या धावेचे मोल मोठे आहे.

लेनमुळे धक्काबुक्की संपली, पण शर्यतीचे स्वरूपही बदलले. वळणावर बाहेरच्या लेनची लांबी आतल्या लेनपेक्षा जास्त भरते, म्हणून प्रत्येक धावपटूला त्याच्या लेनमधील जादा अंतराइतके पुढे उभे करतात. आजच्या प्रमाणित ट्रॅकवर दुसऱ्या लेनमधील धावपटू पहिल्यापेक्षा ७.०४ मीटर आणि आठव्या लेनमधील ५३.०३ मीटर पुढून सुटतो. परिणामी शेवटच्या सरळ पट्ट्यात येईपर्यंत कोण खरोखर पुढे आहे हे धावणाऱ्याला नीट कळत नाही, आणि सर्वांत बाहेरच्या लेनमधील धावपटूला तर प्रतिस्पर्धी दिसतच नाहीत. १९२४ मध्ये पॅरिसला एरिक लिडेलच्या वाट्याला तीच लेन आली. त्याने पहिल्या पावलापासून जवळजवळ पूर्ण वेगाने धावून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. प्रतिस्पर्ध्याला चकवण्याची जागा आता स्वतःच्या ताकदीच्या अचूक वाटपाने घेतली होती.

हे वाटप किती कठीण असते, हे ६ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या अंतिम शर्यतीत दिसले. सहा धावपटूंमध्ये मिल्खा सिंग होते; १९५८ मध्ये कार्डिफला ४४० यार्डांत, म्हणजे याहून दोन-अडीच मीटर लांब शर्यतीत, त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सला हरवले होते आणि रोमला तोच स्पेन्स पुन्हा समोर होता. अडीचशे मीटरच्या सुमारास आपला वेग झेपणार नाही या शंकेने आपण किंचित आवरते घेतले, असे मिल्खा सिंगांनी स्वतः नमूद केले आहे. जिंकत आलेली शर्यत त्यांनी मागे वळून पाहिल्यामुळे गमावली, ही लोकांत रुजलेली कथा त्या शर्यतीला न्याय देत नाही. विजयासाठीची झुंज शेवटी अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कॉफमन यांच्यात होती, आणि दोघांनीही ४५.२ सेकंदांचा तोवरचा विश्वविक्रम मोडला. कॉफमनने अंतिम रेषेवर अंग झोकून दिले. निर्णय छायाचित्रावरून करावा लागला, दोघांनाही ४४.९ सेकंदांची वेळ देऊन डेव्हिसला विजयी घोषित करण्यात आले, कारण छायाचित्रात त्यांच्यातील अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके होते. लंडनला वळणावरच्या पंचांच्या नजरेवर जे अवलंबून होते, ते रोमला अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याकडे गेले होते, आणि या निकालावरून दोन देशांत भांडण पेटले नाही.

स्पेन्स ४५.५ सेकंदांसह तिसरा आणि मिल्खा सिंग ४५.६ सेकंदांसह चौथे आले. त्या वेळी अधिकृत मानलेली ही हाताने चालवलेल्या घड्याळावरची वेळ होती. विद्युत यंत्रणेने मिल्खा सिंगांची नोंद ४५.७३ अशी केली होती. १९९८ मध्ये कोलकात्याला परमजित सिंगने ४५.७० सेकंदांत हे अंतर कापले, तेव्हा अडतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला की नाही हे या दोन आकड्यांपैकी कोणता धरायचा यावर ठरणार होते, आणि विद्युत यंत्रणेची नोंद प्रमाण मानून नवा विक्रम मान्य झाला.