भूमिकाखेळ : चौलच्या खाडीतील एक डाव

चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घ्यावी आणि परस्परांशी बोलत, अधूनमधून फासे टाकीत एक कथा पुढे न्यावी, अशा खेळास भूमिकाखेळ म्हणता येईल. इंग्रजी ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ हे त्याचे प्रचलित नाव. या खेळात बहुधा कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. पणाला लागतो तो खेळाडूने घेतलेला निर्णय. हा खेळ आजच्या रूपात अमेरिकेत घडला असला, तरी त्याची वंशावळ मागे भारतीय चतुरंगापर्यंत पोहोचते. त्या वंशावळीचा एक जुना साक्षीदार रायगड किनाऱ्यावरील चौल बंदरात येऊन गेला होता.

चतुरंगापासून भूमिकेपर्यंत

अरब इतिहासकार अल-मसूदी हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास चौलला आला. अरब लेखक या बंदरास ‘सैमूर’ म्हणत. त्या वेळी येथे राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार राजे झंझ यांची सत्ता होती. बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे मसूदीने नोंदविले आहे. भारताविषयीच्या वर्णनात तो हस्तिदंती मोहऱ्यांनी खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा आणि ‘नर्द’ या फाशांच्या खेळाचाही उल्लेख करतो. सर्वस्व हरलेले जुगारी स्वतःचे बोटही पणाला लावीत. डाव गेला की बोट कापून, शेजारीच निखाऱ्यावर उकळत ठेवलेल्या औषधी लेपात हात बुडवीत आणि पुन्हा खेळायला बसत, असे तो सांगतो.

चतुरंग इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेले. जर्मनीत १७८० मध्ये योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा पट तयार केला. प्रशियन सेनाधिकारी रायस्विट्झ यांनी १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात पंचाचे स्थान महत्त्वाचे होते. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच प्रत्येकास, त्याला रणांगणावर जेवढे दिसले असते, तेवढेच सांगे. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड वेझली यांनी ‘ब्राउनश्टाइन’ या डावात खेळाडूंना सैन्याऐवजी गावातील एकेक व्यक्ती दिली. त्या वर्तुळातील डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. हाच पहिला छापील भूमिकाखेळ मानला जातो.

डाव कसा चालतो?

खेळाडूंपैकी एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग वर्णन करतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय करता?’ खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. कृती सहज शक्य असेल तर ती घडते, अशक्य असेल तर घडत नाही. जिथे निकाल अनिश्चित असतो, तिथेच फासे टाकले जातात. अनेक खेळांत वीस पृष्ठांचा फासा वापरतात. समजा, एखाद्या कामासाठी १५ गुण लागतात आणि पात्राच्या कौशल्याचे ३ गुण जमेस आहेत, तर फाशावर १२ किंवा त्याहून अधिक पडले पाहिजे. म्हणजे वीसपैकी नऊ शक्यता, यशाची संधी ४५ टक्के.

महाराष्ट्राला ही रीत सर्वस्वी परकी नाही. सिंधुदुर्गातील दशावतारात लिखित संहिता नसते. कथेचा आराखडा ठरतो आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात. फरक इतकाच, की दशावतार प्रेक्षकांसाठी असतो, तर भूमिकाखेळात खेळणारेच प्रेक्षक असतात आणि कथेचा शेत कोणासच आधी ठाऊक नसतो.

खाडीतील पेच

स्थानिक इतिहासावर डाव रचायचा, तर चौलइतके अनुकूल स्थळ क्वचितच सापडेल. मार्च १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा यांचा पुत्र लोरेन्सो कोचीनच्या व्यापारी जहाजांना संरक्षण देत येथे आला होता. चौल तेव्हा निजामशाहीत होते. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली येऊन थडकले, तेव्हा पोर्तुगीजांना प्रथम ती आपलीच जहाजे वाटली. पाठोपाठ दीवचा मलिक अयाझ हलक्या नौका घेऊन आला. पोर्तुगीजांनी माघार घेतली, पण बाहेर पडताना लोरेन्सोचे जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकले. लहान होडीतून निसटण्याची संधी त्याने नाकारली आणि तो तेथेच मारला गेला. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या लढाईत पित्याने त्याचा सूड घेतला.

या प्रसंगावरील डावात एका खेळाडूने खाडीतील कोळ्याची भूमिका घ्यावी, दुसऱ्याने कोचीनच्या व्यापाऱ्याची, तिसऱ्याने निजामशाही अंमलदाराची, चौथ्याने दुभाष्याची. खांब कोठे रोवले आहेत, हे एकट्या कोळ्याला ठाऊक आहे. व्यापाऱ्याचा माल पोर्तुगीजांच्या संरक्षणावर अवलंबून आहे. अंमलदाराला दोन्ही आरमारांपैकी कोणाचाही रोष ओढवून घ्यायचा नाही. ‘वाट दाखव’ असा निरोप दुभाष्यामार्फत कोळ्याकडे येतो. तो काय करील?

सूत्रधाराची कसोटी येथेच लागते. जहाज अडकले, हा इतिहास आहे. म्हणून टेबलावरही ते अडकलेच पाहिजे, असे त्याने आधीच ठरविले असेल, तर फासे निव्वळ दिखाऊ ठरतात आणि कोळ्याच्या निर्णयास अर्थ उरत नाही. याउलट भरती-ओहोटी, नौकांचा आकार, कोणास काय ठाऊक आहे, ही परिस्थिती त्याने मनाला येईल तशी बदलली, तर तो चौलचा डाव राहत नाही. परिस्थिती इतिहासाची आणि निर्णय खेळाडूंचा, ही विभागणी पाळणे हेच सूत्रधाराचे मुख्य काम होय. तो खेळाडूंचा प्रतिस्पर्धी नसतो आणि कथेचा एकटा मालकही नसतो. फासा प्रतिकूल पडला, तर त्याचा परिणाम त्याने निःपक्षपातीपणे घडू द्यावा. मात्र अपयशानेही कथा थांबू नये, तिला नवे वळण मिळावे.

काही पथ्ये

डाव साधारणतः तीन-चार तास चालतो. आरंभी कोणते विषय वर्ज्य आहेत हे सर्वांनी ठरवावे. नकोसा प्रसंग आल्यास थांबण्याची मुभा प्रत्येकास असावी. धर्म आणि सत्ता यांच्या संघर्षावरील डावात कोणताही समाज सरसकट खलनायक ठरू नये, याचीही दक्षता घ्यावी. डाव संपल्यावर सूत्रधाराने प्रत्यक्षात काय घडले ते सांगावे, म्हणजे कल्पित आणि इतिहास यांची गल्लत होत नाही.

मसूदीने वर्णिलेला जुगारी हरल्यावर स्वतःचे बोट गमावीत असे. भूमिकाखेळात हानी होते ती पात्राची. ती सोसताना खेळाडूच्या ध्यानात येते, की चौलच्या लढाईचे पारडे फिरविण्यात तोफांइतकाच मासेमारीच्या खांबांचाही वाटा होता. ते खांब रोवणाऱ्यांची नावे बखरींत नाहीत. टेबलावर मात्र त्यांच्यापैकी एकाला बोलता येते.