नॉन-लीग फुटबॉलमधील युवा खेळाडू

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग व इंग्लिश फुटबॉल लीगचे तीन विभाग या वरच्या चार स्तरांखालील स्पर्धांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. पाचव्या स्तरावरील नॅशनल लीगची सुरुवात १९७९ मध्ये झाली; १९८७ पासून तिच्या विजेत्याला, मैदानाचे निकष पाळल्यास, थेट बढती मिळू लागली.

अनेक नॉन-लीग क्लब स्थानिक महाविद्यालयांच्या साहाय्याने १६ ते १९ वयोगटासाठी अकादमी चालवतात. दिवसाचा काही वेळ वर्गात, काही मैदानावर जातो. १८ वर्षांखालील संघ, राखीव संघ, मुख्य संघाचे बदली खेळाडू आणि शेवटी पहिले अकरा, असा साधारण क्रम असतो. मुख्य संघात गाठ पडते ती नोकरी सांभाळून खेळणाऱ्या, अंगापिंडाने भरलेल्या प्रौढांशी.

जेमी वार्डी हे ठळक उदाहरण. शेफील्ड वेन्सडेने १६ व्या वर्षी वगळल्यावर तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सच्या युवा संघात आला. २००७ मध्ये मुख्य संघात पोहोचला, तेव्हा त्याला आठवड्याला ३० पौंड मिळत. पोटासाठी तो वैद्यकीय स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात राबे. हॅलिफॅक्स आणि फ्लीटवुडमार्गे २०१२ मध्ये तो लेस्टर सिटीत गेला व २०१६ मध्ये प्रीमियर लीग विजेता ठरला.