सुटलेला सांधा : एक्स-३३ ची टाकी

३ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘नासा’च्या मार्शल केंद्रात एक्स-३३ या प्रायोगिक यानाच्या द्रव हायड्रोजन टाकीची चाचणी झाली. टाकीची भिंत म्हणजे कार्बनतंतुमिश्रित दोन पातळ पदर, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि त्यांना जोडणारे चिकटद्रव्य. भरलेल्या टाकीने भार पेलला. रिकामी होऊन ती तापू लागली तेव्हा मात्र पदर जाळीपासून सुटला. आतल्या पदराच्या सूक्ष्म भेगांतून हायड्रोजन जाळीत शिरला होता. कोंडलेल्या वायूचा दाब वाढला, आणि सांधा गृहीत धरल्यापेक्षा दुबळा निघाला. पुढे ॲल्युमिनियमच्या टाकीचा पर्याय स्वीकारला गेला. दोष सांध्याचाही असताना द्रव्यच बदलणारा हा निर्णय काहीसा घाईचा वाटतो. अर्थात तीही टाकी उडाली नाही. मार्च २००१ मध्ये ‘नासा’ने प्रकल्पाचा निधी थांबवला.